अकरा जणींची दिवेलागण

मार्च अर्धा सरला की आमच्या नगरच्या इमारतीच्या जिन्यात मुलं पुस्तकं घेऊन बसायला लागतात. जिन्यात जरा गारवा असतो म्हणून. वर-खाली करताना त्यांच्या पुटपुटण्यातून वाट काढावी लागते. सकाळी दहालाच ऊन गच्चीच्या फरशीवर पाय ठेवू देत नाही, दुपारी रस्त्यावरून डांबराचा वास येतो, आणि संध्याकाळी एखादी आई खिडकीतून ओरडते, "दिवा लाव आणि मग वाच, डोळे जातील." हे शेवटचं वाक्य कानावर आलं की मी या इमारतीत राहत नाही. मी पन्नासहून जास्त वर्षं मागे जाते, पाथर्डी रस्त्यावरच्या एका उघड्या माळावर.

खालच्या मजल्यावरची सुवर्णा एका निवासी शाळेत नर्स आहे. परवा ती कामावरून परस्पर वर माझ्याकडे आली. पर्स खांद्यावरून न काढताच खुर्चीत बसली.

"काकू, एका मुलीला मी म्हटलं, दोन दिवस झोपून राहा. तर मॅडम सगळ्यांसमोर म्हणाल्या, तुम्हाला काय कळतं, पेपर आलाय म्हणून ढोंग करतेय ती."

मला हसू आलं. ती दुखावली.

"हसता काय?"

"तुला नाही गं हसत," मी म्हटलं. "बस जरा. पाणी पी." आणि मग तिला मी जे सांगितलं तेच इथे लिहिते आहे.

बहात्तर साली पाऊस आलाच नाही, आणि त्र्याहत्तरचा उन्हाळा माघातच सुरू झाला. मी तेव्हा तेवीस वर्षांची. नगरला नर्सिंग पुरं करून वर्षभर वॉर्डात काढलं होतं, आणि तिसगावपासून चार-पाच मैलांवरच्या एका शाळेत, मुलींच्या वसतिगृहावर, नर्स म्हणून लागले होते. शाळा म्हणजे कौलारू दोन लांब इमारती, मधे अंगण, अंगणात एक लिंबाचं झाड आणि त्याला टांगलेला रुळाचा तुकडा. तीच घंटा. वसतिगृहात साठ-पासष्ट मुली होत्या. बहुतेकींचे आईबाप एरवी ऊसतोडीला जाणारे, त्या वर्षी मात्र तलावाच्या दुष्काळी कामावर खडी फोडत होते. वारा आमच्या बाजूचा असला की त्या हातोड्यांचा आवाज शाळेपर्यंत यायचा. टक, टक, टक. वर्गात तास चालू असताना, प्रार्थना चालू असताना, दुपारी सगळं निपचित पडलेलं असताना. मुली त्या आवाजाकडे कान लावून बसायच्या. त्यातला एक हातोडा आपल्या आईचा आहे हे प्रत्येकीला ठाऊक होतं.

त्या माळाचा रंग मला अजून दिसतो. भाजलेल्या भाकरीच्या कडेसारखा. बाभळींना पानं नव्हती. टँकर आला की धुळीचा एक खांब आधी दिसायचा आणि मग टँकर. मला दिवसाला दोन बादल्या पाणी मिळायचं, त्यातच माझी पांढरी साडी धुवायची, त्यामुळे ती पांढरी अशी त्या मोसमात कधी राहिलीच नाही. गणिताचे गाडेकर सर एकदा म्हणाले होते, "नर्सबाई, तुमच्या साडीवरून दुष्काळ कळतो."

गाडेकर सर चाळिशीचे, उंच, हडकुळे, अतिशय मेहनती शिक्षक. संध्याकाळचा अभ्यासवर्ग त्यांच्याकडे होता. मुलींनी शिकावं अशी त्यांची खरोखरची तळमळ होती, आणि म्हणूनच आजारीपणावर त्यांचा विश्वास नव्हता. आजार ही त्यांना अभ्यासातून निसटायची फट वाटायची. मी थर्मामीटर लावून एकशे एक ताप सांगितला तर ते मुलीच्या कपाळाला पालथा हात लावायचे आणि म्हणायचे, "उन्हाचं आहे. बस वर्गात." मी चिठ्ठी द्यायची, 'दोन दिवस विश्रांती', आणि ती चिठ्ठी माझ्याकडे परत यायची, वर लाल शाईत 'गरज नाही' असा शेरा. जणू मी वहीत चुकीचं उत्तर लिहिलं होतं. खरूज आली तेव्हा मी म्हटलं, सगळ्या मुलींना एकाच दिवशी औषध लावायला हवं, अंथरुणं उन्हात टाकायला हवीत. शिक्षकांच्या खोलीत त्यावर चर्चा झाली. जिला खाज सुटते तिलाच लावा असं ठरलं. पुढे महिनाभर वसतिगृह खाजवत राहिलं, आणि मग मलाच विचारलं गेलं की नर्स असून हे कसं झालं.

माझी खोली अंगणाच्या टोकाला होती. दोन खाटा, एक टेबल, कपाटात जांभळं औषध, टिंक्चर, बोरिक पावडर, सल्फाच्या गोळ्या आणि कापसाचा गुंडाळा. दुपारी त्या खोलीत बसून मी पुष्कळदा स्वतःशी भांडले आहे. वॉर्डात असताना मोठ्या सिस्टरची बोलणी खाल्ली होती, पण ती बोलणी कामातल्या चुकीची असायची. इथे माझी चूक आहे की नाही हे बघायलाही कुणी थांबत नव्हतं. पट्टी बांधायला मला बोलवत, आणि पट्टी का बांधावी लागली हे मी सांगायला लागले की सगळ्यांना तासाला जायचं असे.

तशाच एका दुपारी चंद्रकला आली.

आठवीतली मुलगी. काळीसावळी, दोन वेण्या, हुशार. गणितात पहिली. तिच्या नडगीची साल निघाली होती. मी जखम धुतली.

"कशानं लागलं?"

"पडले."

"कुठं?"

"पायरीवर."

"ती पायरी तू रोज चढतेस की गं. केव्हा पडलीस?"

मी टिंक्चर लावलं, तिने ओठ दाबून धरले, आणि मी वहीत नोंद केली. नोंद करताना हात थांबला. त्याच आठवड्यात साल निघालेली ती चौथी नडगी होती. मागची पानं उलटली. एकीचं गुडघ्याला, एकीचं कपाळाला, चौकटीवर आपटून. प्रत्येकीपुढे मीच लिहिलं होतं, संध्याकाळी. दिवसा धावताना, लंगडी घालताना कुणी पडत नव्हतं. दिवेलागणीलाच पडत होत्या.

मी तिला दारात उजेडाला नेलं आणि खालची पापणी ओढून बघितली. डोळ्याचा पांढरा भाग ओलसर, चकचकीत असतो. हिचा कोरडा, मळकट होता, उन्हात वाळलेल्या कागदासारखा. आणि बुबुळाच्या बाहेरच्या बाजूला एक लहानसा ठिपका, साबणाचा फेस वाळून बसावा तसा. असे डोळे मी नगरच्या वॉर्डात पाहिले होते. एका लहान मुलीचे. तिला आणायला उशीर झाला होता, आणि तिला पुन्हा कधी दिसलं नाही.

"चंद्रकला, संध्याकाळी दिसतं का गं तुला?"

तिने मान खाली घातली. मग फार हळू म्हणाली, "बाई, कुनाला सांगू नका. दिसत न्हाई म्हनलं तर घरी धाडत्याल. घरी ग्येलं की आई खडीवर न्हेईल."

तिला दोन महिन्यांपासून दिसत नव्हतं. दिवस मावळला की अंगण पाण्यात बुडाल्यासारखं व्हायचं, म्हणाली. अभ्यासवर्गात चार कंदील होते, मुली वर्तुळ करून बसायच्या. ही कंदिलाला अगदी चिकटून बसायची तर बाकीच्या ओरडायच्या, मागे बसली तर अक्षर दिसायचं नाही. मग तिने अभ्यासाला जाणंच सोडलं, पोट दुखतंय, डोकं दुखतंय सांगून. गाडेकर सरांनी तिच्या हातावर पट्ट्या मारल्या होत्या. आवडत्या विद्यार्थिनीने दगा दिला म्हणून जरा जास्तच.

स्वयंपाकीण गिरजामावशी भाकऱ्या थापत होत्या. मी चुलीपाशी जाऊन बसले.

"मावशी, पोरींना पालेभाजी कधी दिली होती?"

त्या हसल्या. "भाजी? दिवाळीच्या आधी दिल्ती जनू. आता त्या रेशनच्या लाल जवारीची, मिलोची भाकर आन् डाळीचं पानी. दूध तर बघायला न्हाई, जनावरं छावनीत ग्येली." मग भाकरी तव्यावर टाकत म्हणाल्या, "का वो? पोरींना रातांधळं झालंय व्हय?"

मी जवळ सरकले.

"मला वाटलंच हुतं. चंद्री परवा ताट घ्यायला हात पुढं करती तर ताट हिकडं आन् हात तिकडं. आमच्याकडं रातांधळ्याला बकऱ्याचं काळीज खाऊ घालत्यात. न्हाईतर शेवग्याचा पाला. लई गुनाचा."

"मग बोलला का नाहीत कुणाला?"

"मला कोन इचारतंय, बाई?"

त्यांनी तव्यावरची भाकरी उलटली. एक नगरहून शिकून आलेली आणि एक चुलीपुढे शिकलेली, आणि दोघींची गत सारखीच.

मुख्याध्यापकांना आम्ही हेडसर म्हणत असू. धोतर, काळा कोट, डोक्यावर टोपी, आणि त्या वर्षीच्या काळज्यांनी वाकलेले खांदे. वाईट माणूस नव्हता. टँकर, धान्य, परीक्षा, सगळं त्यांच्या एकट्याच्या डोक्यावर होतं. मी सांगितलं तेव्हा गाडेकर सरही तिथेच होते.

"किती मुली म्हणता?" हेडसरांनी विचारलं.

"नक्की सांगता येत नाही. सगळ्यांना तपासायला हवं. पण हे वाढलं तर डोळा कायमचा जातो, सर."

"एकीला दिसेना म्हणून दुसरीला दिसेना," गाडेकर सर म्हणाले. "परीक्षा तीन आठवड्यांवर आली की हा रोग येतो. दरवर्षी पोटात येतो, यंदा डोळ्यांत आलाय."

"ताप आहे का?" हेडसर.

"यात ताप नसतो."

"दिवसा दिसतं?"

"दिवसा दिसतं."

"मग नर्सबाई, तुम्ही डॉक्टर नाही. आणि हे असलं काही बोललात, तर उद्या गावोगाव बोभाटा होईल की शाळेत पोरी आंधळ्या होतात. आईबाप आठवड्यात पोरी घेऊन जातील. वसतिगृह ओस पडेल. मला ते परवडणार नाही. ज्या अभ्यासाला येत नाहीत त्यांच्या घरी मी पत्रं लिहिली आहेत. उद्याच्या टपालाने जातील."

म्हणजे चंद्रकलेला ज्याची भीती होती, तेच.

मी खोलीत आले. रडू आलं नाही, राग आला. कोरडा, त्या माळासारखा. मी नोंदवही उघडली आणि एक एक ओळ नीट लिहिली: कुणाला केव्हा काय लागलं, चंद्रकलेच्या डोळ्यांत काय दिसलं, काय करायला हवं, आणि हे सगळं मी आज मुख्याध्यापकांच्या कानावर घातलं आहे. मग वही घेऊन परत त्यांच्यापुढे उभी राहिले.

"सर, खाली आपली सही हवी."

त्यांनी वाचलं. टोपी काढून टेबलावर ठेवली. "हे कशाला?"

"मी सांगितलं आणि आपण ऐकलं, एवढंच. पुढे कुणा मुलीच्या डोळ्याचं काही झालं तर सांगितलं नव्हतं असं व्हायला नको."

हेडसरांनी टाक उचलला, दौतीत बुडवला, आणि सही न करताच परत ठेवला.

"तुम्हाला काय हवंय?"

"आज संध्याकाळी अर्धा तास. अंगणात. आपण आणि गाडेकर सरांनी फक्त बघायचं. आणि तोवर ती पत्रं टपालात पडू नयेत."

त्या संध्याकाळचं आभाळ सांगायला हवं. दुष्काळातली संध्याकाळ फार देखणी असायची, त्याचा मला राग यायचा. धुळीमुळे पश्चिम लालभडक व्हायची, मग जांभळी, मग राखाडी. लिंबाची सावली अंगणात विरघळून गेली. मी गिरजामावशींकडून पाच पत्र्याच्या बादल्या आणल्या आणि ओसरी ते घंटा या वाटेवर इकडेतिकडे पालथ्या घातल्या. कंदील लावू नका म्हटलं. आम्हाला बादल्या दिसत होत्या, घंटा दिसत होती, एकमेकांचे चेहरेही दिसत होते. मुलींना एकेक करून ओसरीवरून सोडलं: घंटेला हात लावून परत या.

पहिल्या सात-आठ जणी बादल्या चुकवत गेल्या आणि हसत परत आल्या. मग एकीचा पाय बादलीला लागला. ठण्ण. ती थबकली, वळली, दुसऱ्या बादलीवर आदळली. मग आणखी एक. प्रत्येक आवाजाला मला वाटे, ही शेवटची असू दे, आणि प्रत्येक आवाजाबरोबर माझं म्हणणं खरं ठरत होतं. दोन्ही एकदम.

"मुद्दाम लाथा मारतात," गाडेकर सर हळू आवाजात म्हणाले.

चंद्रकलेची पाळी आली. मी सरांच्या जवळ गेले.

"सर, आपणच वाटेत उभे राहा. बोलू नका, हलू नका."

ते गेले. अंगणाच्या मधोमध, छाती काढून, हाताची घडी घालून उभे राहिले. मुलींची कुजबुज थांबली. चंद्रकला ओसरीवरून उतरली. पायाने जमीन चाचपत, उजवा हात पुढे धरून ती सरळ चालत आली, आणि तिचा हात सरांच्या सदऱ्यावर टेकला. ती दचकली नाही. तिने तो सदरा चाचपला, दंड चाचपला.

"कोन हाय? जरा सरका की," ती म्हणाली. "बाईंनी घंटंपतुर जायला सांगितलंय."

तिने त्यांच्या दंडाला धरून त्यांना अलगद बाजूला सारलं आणि पुढे गेली. ज्या माणसाची पावलं वाजली तरी मुली उभ्या राहत, त्याला तिने वाटेतल्या शेळीसारखं बाजूला केलं होतं. अंगणात कुणी हसलं नाही.

ती परत आली तेव्हा गाडेकर सरांनी स्वतः जाऊन एक कंदील पेटवला आणि तिच्या चेहऱ्यासमोर धरला. उजेड पडताच तिला ते दिसले. तिने झटकन दोन्ही तळवे पाठीमागे लपवले.

सरांनी कंदील ओसरीच्या कठड्यावर ठेवला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "आमची थोरली बहीण संध्याकाळी भिंत धरून चालायची. आम्ही सगळे तिला वेंधळी म्हणायचो."

हेडसर ओसरीवरून खाली आले. "नर्सबाई, किती जणी?"

"अकरा."

"ती वही आणा," ते म्हणाले. आणि त्यांनी सही केली. तिथेच, कंदिलाच्या उजेडात, ओसरीच्या कठड्यावर वही ठेवून.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एस.टी.ने मी पाथर्डीला गेले. पर्समध्ये हेडसरांचं पत्र, बरोबर चंद्रकला आणि आणखी दोघी. तिथल्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तिघींचे डोळे बघितले, माझी वही वाचली, आणि विचारलं, "सिस्टर, हे तुम्ही एकटीने ओळखलंत?"

"स्वयंपाकीणबाईंनीही ओळखलं होतं," मी म्हटलं.

ते हसले. "वेळेवर आलात. अजून महिना गेला असता तर मी काही करू शकलो नसतो." त्यांनी अ जीवनसत्त्वाचं औषध दिलं, माशाच्या तेलाच्या बाटल्या दिल्या, आणि मी सांगितलेला शेवग्याचा पाला कागदावर लिहूनही दिला, सहीशिक्क्यासह. गिरजामावशींना तो कागद मी वाचून दाखवला. त्यांनी पदराला हात पुसले आणि म्हणाल्या, "डागतर बी तेच म्हनला?" पुढे कितीतरी दिवस तो कागद स्वयंपाकघरातल्या फळीवर मिठाच्या बरणीखाली होता.

माशाच्या तेलाचा वास सगळ्या वसतिगृहाला लागला. मुली नाक दाबून चमचा घ्यायच्या आणि वर गुळाचा खडा. एक मुलगी माळकरी घरची, गळ्यात तुळशीची माळ. तिने तेलाला तोंड लावायला नकार दिला. मी जबरदस्ती केली नाही. तिला दवाखान्यातलं दुसरं औषध दिलं आणि पाला दुप्पट. तिला जरा वेळ लागला, तेवढंच.

आणि पाला आणायचे कोण? गाडेकर सर. पहाटे उठून ते सायकलवर निघायचे. ज्या गावात विहिरीला थोडं पाणी होतं, तिथे परसात शेवगा हटकून असायचा. शेवगा दुष्काळाला जुमानत नाही. सकाळी प्रार्थनेच्या वेळी हिरव्या डहाळ्यांनी झाकलेली सायकल फाटकातून आत यायची, आणि तिच्यामागे घामाने भिजलेले सर. त्या रखरखीत माळावर तेवढाच एक हिरवा रंग होता. ते मला कधी 'चुकलं' म्हणाले नाहीत. सायकल माझ्या खोलीपुढे उभी करून विचारायचे, "एवढा पुरेल ना, सिस्टर?" नर्सबाईची सिस्टर मी नक्की कोणत्या दिवशी झाले ते आठवत नाही. अभ्यासवर्गही त्यांनी संध्याकाळचा काढून दुपारचा, दिवसाउजेडी केला, आणि ती घरी जाणारी पत्रं हेडसरांनी फाडून चुलीत टाकली.

औषध सुरू केल्यावर तिसऱ्या की चौथ्या दिवशीची गोष्ट. दिवस मावळला होता, कंदील लागायचे होते. मुली ओसरीवर ओळीने बसल्या होत्या. गाडेकर सर हजेरी घेत समोरून चालले होते. चंद्रकला एकदम म्हणाली, "सर, तुमच्या सदऱ्याचं वरचं बटन तुटलंय."

सरांनी गळ्याशी हात नेला. बटण खरंच नव्हतं. पांढऱ्या सदऱ्यावरचं पांढरं बटण, त्या राखाडी उजेडात.

"आणखी काय दिसतंय?" त्यांनी विचारलं. आवाज गणिताच्या तासासारखा करडा ठेवायचा त्यांचा प्रयत्न होता.

"घंटंचा दोर दिसतोय. बाईंच्या दाराची कडी दिसतीय. आन्..." ती पुढे वाकली. "तुमी रडताय का, सर?"

सर तोंड फिरवून निघून गेले. मग एकामागून एक मुली सांगायला लागल्या, मला बादली दिसतीय, मला भिंतीवरचं लिहिलेलं दिसतंय, मला मावशींच्या हातातल्या बांगड्या दिसत्यात. अंगणभर नुसता गलका. मी माझ्या दारात उभी होते. वॉर्डात, वसतिगृहात, पुढे सरकारी नोकरीत मी खूप माणसं बरी होताना पाहिली, पण जिंकल्यासारखं मला त्याच एका संध्याकाळी वाटलं. मळक्या साडीत, रिकाम्या पोटी, मी खुशाल दारात उभी राहून हसत होते आणि ते लपवायची मला गरज वाटत नव्हती.

परीक्षा झाली. अकराच्या अकरा जणी बसल्या. तेलाच्या वासाची उत्तरपत्रिका कुठली ते लगेच कळतं, असं मराठीच्या बाई म्हणाल्या. त्या दिवसांत एक नवीन शिक्षक आले होते. त्यांनी डोकं दुखतंय म्हणणाऱ्या एका मुलीला दटावलं, "ढोंग करू नकोस." हेडसर तिथून चालले होते. ते थांबले आणि म्हणाले, "ढोंग आहे की नाही हे ठरवायला आपल्याकडे माणूस नेमलेलं आहे. तिच्याकडे पाठवा." मी खिडकीतून ऐकलं. सुवर्णाला हे सांगताना मी ते वाक्य दोनदा सांगितलं. मला ते अजूनही सांगायला आवडतं.

शेवटच्या पेपरच्या दिवशी आईबाप मुलींना न्यायला आले. चंद्रकलेची आई कामावरून सुटून थेट आली, तेव्हा दिवस कलला होता. पायांना खडीचे ओरखडे, कडेवर अंगावर पिणारं लेकरू. गाठोडं बांधेपर्यंत अंधारून आलं. आई ओसरीवरून उतरायला गेली आणि तिने भिंतीला हात लावला. मग पाय पुढे टाकून पायरी शोधायला लागली.

चंद्रकला तिच्याकडे बघत होती. तिने गाठोडं खाली ठेवलं.

"आये, तुला पायरी दिसंना व्हय?"

"दिसतंय की. दमलेय जरा."

"हिकडं ये."

तिने आईला हाताला धरून माझ्या खोलीत आणलं, कंदिलाजवळ बसवलं आणि तिची खालची पापणी माझ्यासारखीच अंगठ्याने ओढली. "वर बघ. आता खाली बघ." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "बाई, हिलाबी झालंय. ठिपका हाय."

मी बघितलं. ठिपका होता.

"आमच्यात पुष्कळ जनींना हाय," आई म्हणाली, जसं काही पायाच्या भेगांबद्दल बोलावं तसं. "सांजच्याला एकमेकीचा पदर धरून येतो घरला. कामावर सांगितलं तर मुकादम म्हन्तो, सोंगं करताय लवकर सुटायला."

दारात गाडेकर सर उभे होते. त्यांनी ऐकलं आणि ते हेडसरांकडे गेले.

दोन दिवसांनी आम्ही तलावाच्या कामावर गेलो. पाथर्डीचे डॉक्टर, हेडसर, गाडेकर सर, मी, आणि आईबरोबर घरी न जाता मागे राहिलेली चंद्रकला. इतके दिवस लांबून ऐकू येणारा तो टक, टक आवाज पहिल्यांदा जवळून ऐकला. ऊन डोक्यावर, खडीचे ढीग, आणि त्यांच्यामध्ये शेकडो बायका. डॉक्टर एका बाजूला औषधाची पेटी उघडून बसले. मी बायकांना रांगेत यायला सांगितलं. मुकादम तावातावाने पुढे आला.

"काम का थांबवलं? या बाई कोण?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं होतं. पण गाडेकर सर माझ्यापुढे झाले.

"या आमच्या सिस्टर," ते म्हणाले. "त्या म्हणतील तसं होईल."

मुकादमाने हेडसरांकडे पाहिलं. हेडसरांनी मान हलवली. हळूहळू हातोडे थांबत गेले, आधी जवळचे, मग लांबचे, आणि त्या माळावर मी कधी ऐकली नव्हती अशी शांतता झाली. पहिली बाई माझ्यापुढे येऊन बसली. डोक्यावरचा पदर तिने मागे सारला. मी तिच्या हनुवटीला हात लावला आणि म्हटलं, "वर बघा."